डेअरीच्या वळणाचा प्रस्ताव

३ सप्टेंबर

साहेबांनी फाइल टेबलावर ठेवली आणि तिथेच घुटमळले. म्हणाले, "राज्याचं अनुदान आलंय, वाहतूक सुधारणेचं. पंधरा दिवसांत प्रस्ताव पाठवायचा. डेअरीचं वळण टाकावं म्हणतो." मग घसा खाकरला. "तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या कुणाला देतो."

दुसरं आहे कोण? नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात आम्ही अडीच माणसं. साहेब, मी आणि अर्धा वेळ पाणीपुरवठ्याकडे पळणारा आरेखक. मी म्हटलं, ठेवा. साहेबांचा जीव इतका भांड्यात पडला की मला त्यांची कीव आली. नाही, आली नाही. येईल असं वाटलं फक्त.

४ सप्टेंबर

डेअरीचं वळण. एका अंगाला डेअरीची भिंत, दुसऱ्या अंगाला चर, मधे डांबर. पायी जाणाऱ्यानं डांबरावरूनच जायचं, कारण पाय ठेवायला दुसरी जागाच नाही. बसथांबा वळणाच्या पलीकडे. जानेवारीत नवरा त्या थांब्यावर उतरला आणि घराकडे निघाला. मागून टेंपो आला. एवढंच.

मागायचं काय ते लिहून काढलं: चर झाकून पदपथ, कठडा, दोन दिवे, रस्ता ओलांडायला पट्टे. लांबी-रुंदी जुन्या नकाशावरून घेतली.

सगळं नकाशावरूनच चाललंय. जानेवारीपासून मी त्या बाजूला फिरकलेले नाही. बाजाराकडून वळसा घालून येते-जाते. साहेबांना वाटतंय मी जागा बघून आले. वाटू दे.

८ सप्टेंबर

रकाना सात — मागच्या तीन वर्षांतले मृत्यू. पोलीस ठाण्यातून आकडा आलाच होता. ३ लिहिला. अक्षर चांगलं आलं.

एका मृत्यूला दहा गुण आहेत. म्हणजे नवऱ्याचे दहा. शाळेत त्याला कुठल्या विषयात एवढे पडले असतील असं वाटत नाही! यावर त्यालाच पहिलं हसू आलं असतं. मला आलं नाही.

शेजारच्या टेबलावर आवक-जावकवाली बसते. दिवसभर टपालावर शिक्के मारते आणि तोंडही चालू. आज खुर्ची ओढून जवळ आली. "अगं, एकदा रडून घे मोकळेपणी. किती दिवस अशी दगडासारखी राहणार?" मी म्हटलं, तुझी शाई वाळली आहे बघ. गेली बिचारी.

१० सप्टेंबर

घरी आम्ही तिघं. मी, पोरगी आणि बाबा — माझे सासरे. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. आधीच बोलणं कमी, मुलगा गेल्यापासून तर "हो", "नाही" आणि "दिवा बंद कर." रोज उजाडायच्या आत कापडी पिशवी घेऊन बाहेर पडतात. कुठे म्हणून विचारलं तर "फिरायला". येतात ते धुळीनं माखून. रविवारी पोरगीही बरोबर जाते.

जेवतात मात्र दोन घास जास्तच. याचा मला राग यायला हवा की बरं वाटायला हवं, ठरवता येत नाही.

पोरगीची शाळा जानेवारीपासून गावाबाहेरच्या नव्या इमारतीत भरणार. शाळेची बस वळणापलीकडच्या थांब्यावरूनच मिळते, दुसरीकडे थांबत नाही. म्हणजे रोज ते वळण. जाताना आणि येताना. पदपथ झाला तर जाईल. नाही झाला तर — पुढचं लिहीत नाही.

१८ सप्टेंबर

प्रस्ताव गेला. फोटो साहेबांच्या कपाटातले जुनेच जोडले. वळण काय बदलणार आहे, म्हणाले.

६ ऑक्टोबर

पहिल्या यादीत नाव आलं! साहेब हर्षवायू झाल्यासारखे फिरत होते. शुक्रवारी राज्याकडून स्थळपाहणी. पत्रात खाली एक ओळ: प्रस्ताव तयार करणाऱ्यानं जागेवर हजर राहावं.

९ ऑक्टोबर

गेले. गाडीत पाहणीवाल्या बाई पुढे, मी मागे. बाई वयानं माझ्याहून लहान, पायात धुळकट बूट, मांडीवर फाइल. साहेबांची टकळी सुरू होती. मी खिडकीतून डेअरीची भिंत येताना बघितली. वाटलं होतं, काहीतरी होईल. छाती धडधडेल, घेरी येईल. काही नाही. भिंत ती भिंत.

उतरलो आणि साहेब गप्पच झाले.

चर नव्हताच. चराच्या जागी दगडी वाट होती. डेअरीचा जुना गोठा पाडला तेव्हाचे दगड, तासून, एकाला एक भिडवून बसवलेले. सांधे सिमेंटनं भरलेले, खालून पाणी जायला जागा सोडलेली. पार वळण ओलांडून थोडं पुढेपर्यंत. एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन त्यावरून चालली होती. टेंपो गेला, तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

"हे कुणी केलं?" पाहणीवाल्या बाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, कल्पना नाही, कुणी स्थानिक असेल. मला मात्र कल्पना होती. दगडाची कड हातोडीनं अशी मोडायची, की अनवाणी माणसालाही टोचू नये — आमच्या घराच्या पायऱ्या तशाच आहेत. त्या कुणी बांधल्या ते मला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांनी."

बाईंनी वाटेवरून दोनदा ये-जा केली. टाचेनं ठोकून पाहिलं. "काम पक्कं आहे हो," म्हणाल्या. "पण नियम आहे. मंजुरीच्या आधी काम सुरू झालं असेल तर प्रस्ताव बाद. मला इथेच तसं लिहावं लागेल." मग फाइल मिटली. "दहा दिवस देते. जागा मूळ स्थितीत आणा, फोटो पाठवा. मी पुढे ढकलते."

मूळ स्थिती म्हणजे कुठली, असं विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. वाईट नव्हत्या बाई.

ऑफिसात आल्यावर आवक-जावकवालीला धरलं. तुला माहीत होतं? ती शिक्का हातात धरून बसली. "साहेब बाहेरगावाहून येतात, त्यांचं सोड. बाकी अख्ख्या गावाला माहीत आहे ग. मार्चपासून चाललंय त्यांचं. तुझ्यासमोर त्या वळणाचं नाव कोण काढणार?"

१२ ऑक्टोबर

साहेब म्हणतात, "तुम्हीच सांगा त्यांना. घरातलं माणूस आहे. नाहीतर सोमवारी मला जेसीबी लावावा लागेल. कठडा, दिवे, पट्टे, सगळं मिळतंय हो! चार दगडांपायी हातचं घालवायचं का?"

बरोबर आहे त्यांचं. दगडांच्या वाटेला कठडा नाही, दिवा नाही. मोठा पदपथ झाला तर गावाचं भलंच आहे. हे मला कळतं. हे मीच तर लिहिलंय प्रस्तावात.

घरी आले. बाबांनी ताट वाढून ठेवलं होतं. जेवले, पण दगडांचं सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर

आजही नाही.

१५ ऑक्टोबर

जेवताना सांगितलं. एका दमात, नोटीस वाचावी तसं. नियम, दहा दिवस, जेसीबी.

बाबा घास चावत राहिले. पोरगीच उसळली — "आई, पण आजोबांनी किती मेहनत केली! आणि मीपण चुना — सिमेंट कालवलं!" बाबांनी तिला हातानंच गप्प केलं.

"जेसीबी नको," म्हणाले. "दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी घातलंय, मी काढीन."

मग पाणी प्यायले. "पोरी, तू तिकडून जात नाहीस ते मला माहीत होतं. म्हटलं वाट पुरी झाली की सांगीन. एक दिवस घेऊन जाईन तुला."

मी भांडी घासायला घेतली.

१८ ऑक्टोबर, रविवार

दोघं पहार घेऊन गेले. मी गेले नाही. चादरी धुतल्या. स्वच्छ होत्या, तरी धुतल्या.

संध्याकाळी हातगाडी दारात आली. अंगणात दगडांची रास पडली आहे. आरेखकानं फोटो काढले, साहेबांनी लगेच पाठवले. सध्या तिथे नुसता चर.

२ नोव्हेंबर

बाबा बाहेर पडत नाहीत. सकाळी उठतात, खुर्चीत बसतात, राशीकडे तोंड करून. जेवण निम्म्यावर आलं. फिरायला जा की, म्हटलं. म्हणाले, "कुठे?"

१९ नोव्हेंबर

राज्याकडून पत्र. शेवटची निवड व्हायची आहे, त्यासाठी ताजे आकडे पाहिजेत. एप्रिल ते सप्टेंबर, या सहा महिन्यांत त्या जागेवर झालेले अपघात. पोलीस ठाण्यात जाऊन आले. हवालदारानं वही चाळली, पुन्हा चाळली. "एकही नाही बाई. खरचटल्याचीसुद्धा नोंद नाही."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "शून्यावर कोण पैसे देईल? अहो, एखाद-दुसरा किरकोळ तरी धरा. कुणी सायकलवरून पडलं असेल, कुणाला आरसा लागला असेल. कोण तपासायला येतंय?"

उद्या बघू म्हटलं.

२० नोव्हेंबर

पेन हातात घेऊन बसले होते. एक लिहायला काय लागतं? एक उभी रेघ. पदपथ पाहिजे तो माझ्याच पोरीसाठी. साहेब सांगतायत, पोलीस हसतील फार तर. कोणी फाशी देणार नाही.

पण ते शून्य बाबांचं होतं. रोज उजाडायच्या आत उठून, एकेक दगड ठेवून केलेलं. आणि आम्ही ते त्यांच्याच हातानं उपटायला लावलं. त्यात आणखी भेसळ करायची म्हणजे — नाही जमलं.

० लिहिलं. पाठवलं.

७ डिसेंबर

वळणावर दूधवाल्याची सायकल उडाली. पाय दोन ठिकाणी मोडला. चरात पडला होता, कॅन रस्त्यावर. आवक-जावकवालीनं सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बरं.

बरं! काय बरं?

११ डिसेंबर

पत्र आलं. "सदर ठिकाणी अलीकडच्या काळात अपघातांचे प्रमाण शून्य असल्याने कामाची निकड दिसून येत नाही. प्रस्ताव अमान्य."

साहेबांनी ते माझ्या टेबलावर आपटलं. "घ्या! आता तुमच्या शून्याची पूजा करा." मग खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "दगड काढायला नको होते. माझीच घाई." साहेबांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. वाचली. आणि म्हातारा हसायला लागला! खो खो, खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरगी आतून धावत आली, आजोबांना काय झालं म्हणून.

"अगं, निकड नाही म्हणतात! म्हणजे वाट चालली होती की नाही? सरकारनंच लिहून दिलं!"

मी विचारलं, आता काय करायचं?

"आता काय? आता तुझा अर्जच नाही. मग नियम कुणाला लागू?"

जानेवारीला तीन आठवडे राहिलेत.

१३ डिसेंबर, रविवार

उजाडायच्या आत गेलो. तिघंही. साहेबांनी नगरपालिकेचा टेंपो दगड न्यायला दिला आणि स्वतः तोंड लपवून घरी बसले. पहिला दगड बसला, दुसरा बसला. तिसरा माझ्या हातून सटकला आणि बोटांवर पडला. दुखलं. इतकं दुखलं! मी भर रस्त्यात बसले आणि त्याच्या नावानं हंबरडा फोडला. अकरा महिन्यांत तोंडातून न निघालेलं नाव. थांबताच येईना. समोरून गाडीचे दिवे आले. पोरगी हात धरून ओढायला लागली — आई, ऊठ, गाडी! बाबांनी थापी खाली ठेवली, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर करून. म्हणाले, "रडू दे तिला. गाड्या थांबतील."

थांबल्या.