बारावा चमचा

प्रिय भाऊजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमचा गुडघा यंदाच्या थंडीत फार कुरकुरला नसेल आणि जाऊबाईंचा खोकला आता गेला असेल अशी आशा करते. माझी तब्येत उत्तम आहे. रक्तदाब थोडा वर आहे, पण त्याचं कारण या पत्रात पुढे येणार आहे आणि त्या कारणात तुमचाही वाटा आहे, म्हणून खुशालीचा भाग इथेच आटोपते. (हे पत्र बसून वाचा. सोबत चहा घ्या. साखर ढवळायला घरात चमचा आहे ना? सगळे आहेत ना जागच्या जागी? सहज विचारलं.)

सुरुवात माझ्या दाढेपासून झाली. दाताचे डॉक्टर तुम्हाला माहीत आहेत, तळ्यावर तुमच्या दादांच्या बाकाशेजारी दगडावर बसायचे तेच. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, गालात कापूस कोंबला, जिभेवर आरसा ठेवला, थुंकी ओढायची नळी ओठाला अडकवली, आणि एवढी सगळी तयारी झाल्यावर मग विषय काढला. म्हणाले, "वहिनी, दादांची तळ्यावरची जागा नुसती पडून आहे हो. यंदाच्या वसंतात मी बसू का तिथे? तुमची हरकत नसेल तरच." आता तोंडात अर्धं दुकान भरलेल्या बाईने काय म्हणावं? मी म्हणाले, "अं अं!" भाऊजी, जगातल्या कुठल्याही माणसाला त्याचा अर्थ 'मुळीच नाही' असाच कळला असता. डॉक्टर म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं," आणि यंत्र सुरू केलं. कापूस निघाला तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता. "बाक माझा आहे" असं मी स्पष्ट बजावलं, पण बाहेर जे काही आलं ते ऐकून ते म्हणाले, "आज गार काहीतरी खा आणि आराम करा."

दुसऱ्या दिवशी जीभ वळायला लागल्याबरोबर मी मासेमारी मंडळाच्या चिटणिसांकडे गेले. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे हे तुम्हाला आठवत असेल. (तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) ते म्हणाले, वहिनी, तुमचा होकार आम्हाला कळला. मी म्हणाले, तो होकार नव्हता, ती दाढ होती. त्यावर त्यांनी मला नियम सांगितला. सभासद गेला तर त्याची जागा घरच्या माणसाला ठेवता येते, पण ती वापरात हवी, आणि वापर म्हणजे मासा. वसंतातल्या सभेच्या आधी, त्याच जागेवरून, घरच्या माणसाने एक तरी मासा काढून चिटणिसांना दाखवला पाहिजे. मी म्हणाले, अहो, तो बाक तुमच्या डोळ्यांदेखत यांनी कारखान्यातल्या विजेच्या मोटारींच्या खोक्यांच्या फळ्यांतून केलाय. तर म्हणतात, बाक तुमचाच, तो तुम्ही घरी नेऊ शकता. घरी नेऊ! बाक घरी नेऊन मी त्यावर बसून काय बघू, कपाट?

तुम्हाला ठाऊकच आहे, माझा या छंदावर कधीच विश्वास नव्हता. कारखान्यात आठवडाभर मोटारींना तांब्याची तार गुंडाळायची आणि सुटीच्या दिवशी तळ्यावर बसून दोरा गुंडाळायचा, याला विश्रांती कोण म्हणेल? पण आता प्रश्न मासे आवडण्याचा नव्हता. मी वाचनालयातून मासेमारीवरचं जाडजूड पुस्तक आणलं. शाळा माझी लवकर सुटली, पण छापलेलं काही समोर आलं की मी सोडत नाही, हे तुमच्या दादांनी तुम्हाला तक्रारीच्या सुरात पुष्कळदा सांगितलं असेल. पुस्तकात म्हटलंय की थंडी सरताना पाणी अजून गार असतं, त्यामुळे मासा सुस्त असतो, अन्नामागे धावत नाही, अगदी नाकापुढे आलं तरच तोंड उघडतो. (हे वाचून मला थंडीच्या दिवसांतल्या तुमच्या दादांची आठवण झाली. फरक एवढाच की मासा पांघरूण मागत नाही.) म्हणून आमिष हळू ओढायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा हळू ओढायचं. पाणी नितळ असेल तर साधं, फिकट आमिष. गढूळ असेल तर चकाकणारं, थरथरणारं. मी तळ्यावर जाऊन पाणी बघितलं. ते चहाच्या रंगाचं होतं. पुस्तकात चहावर प्रकरण नाही.

मग मी त्यांची आमिषांची पेटी उघडली. आजवर उघडली नव्हती. उघडायची नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण दोन थंड्या गेल्या आणि ती खुंटीखाली तशीच राहिली. वरच्या कप्प्यात काय होतं म्हणता? जांभळी, चमचम करणारी रबरी गांडुळं. पाठीवर पोपटी ठिपके असलेला लाकडी मासा, त्याचे डोळे बटणाएवढे. भाऊजी, मला सांगा, असा मासा कुठल्या तळ्यात असतो? आणि असा शेजारी बघून खरा मासा पळून जाणार की त्याला खायला येणार? यातलं नेमकं काय लावायचं ते कळेना, म्हणून दुकानात विचारायला गेले, तर तो दुकानदार पाण्याविषयी एक अक्षर न विचारता म्हणतो, "काकू, सध्या बेडूक फार चाललाय," जणू काही मी पडद्याचं कापड बघायला आले होते. घेतला रबरी बेडूक. त्या बेडकाने एक फांदी पकडली, माझी शाल पकडली, आणि एकदा डॉक्टरांची टोपी पकडून पाण्यात नेली. (डॉक्टर समजूतदारपणे हसले. मला असं समजूतदार हसणं सहन होत नाही.)

आता तुमच्या प्रकरणाकडे वळते. बेडकाला कंटाळून मी पेटीचा खालचा कप्पा उघडला. त्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेले तीन चमचे होते. म्हणजे चमच्यांच्या तीन वाट्या, दांडे कापलेल्या, दोन्ही टोकांना सुबक भोकं पाडून एकीकडे कडी आणि दुसरीकडे गळ अडकवलेल्या. सुबक म्हणजे किती सुबक! असं भोक घरच्या हातोडी-खिळ्याने पडत नाही. असं भोक पाडायचं यंत्र आपल्या घराण्यात फक्त एका माणसाच्या वर्कशॉपमध्ये आहे आणि तो माणूस आत्ता हे पत्र वाचतोय.

माझ्या आईने लग्नात दिलेला बारा चमच्यांचा संच. दांड्याच्या टोकाला वेलबुट्टी असलेला. एकेक करून त्यातले अकरा नाहीसे झाले आणि दर वेळी तुमच्या दादांनी माझ्याबरोबर शोधले! बॅटरी घेऊन ओट्याखाली पालथे पडले, हात काळे करून घेतले, आणि वर मलाच म्हणाले, "सालींबरोबर टाकला असशील गं, वाचता वाचता." मी मानलं ते. वाचता वाचता माझ्या हातून काय काय होतं, तेव्हा चमचेही जात असतील असं मी मानलं! एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. माझ्या कुंड्यांमध्ये रोपांची नावं लिहायला त्यांनी मला स्टीलच्या पट्ट्या आणून दिल्या होत्या. कारखान्यातल्या उरलेल्या आहेत म्हणाले. मी इतकी खूश झाले होते की तुम्हाला पत्रातून कळवलं होतं, आणि तुम्ही उलट टपाली लिहिलंत, 'दादाचं तुमच्यावर बारीक लक्ष असतं.' ते चमचे बघून मी तशीच उठले, गॅलरीत गेले आणि पुदिन्याची पट्टी उपटली. मातीत गेलेल्या टोकाला वेलबुट्टी होती. मी ओवा, गवती चहा, सगळ्या कुंड्यांतल्या पट्ट्या उपटून बघितल्या. सगळ्यांना वेलबुट्टी. स्वतःच्या चमच्यांच्या दांड्यांवर मी इतकी वर्षं माझ्याच हाताने सुवाच्य अक्षरात नावं लिहीत होते. भाऊजी, गळाला मासे लागत होते की नाही ते देव जाणे, पण मी मात्र चांगलीच लागले होते.

रागाच्या भरात मी त्या तिनांतलाच एक चमचा दोऱ्याला बांधला आणि तळ्यावर गेले. पहिला चमचा मुळांत अडकून गेला, दुसरा दगडात. (बाकीचे आठ कुठे असतील याचा उलगडा मला तेव्हा झाला. तळ्याच्या तळाशी एखाद्या लग्नाच्या पंगतीची सोय आहे.) तेव्हा कुठे मी पुस्तकातलं माशांच्या जागांचं प्रकरण नीट वाचलं. वसंतात मासा कुठे असतो? जिथे पाणी आधी कोमट होतं तिथे. उथळ, काळ्या गाळाच्या, दुपारभर ऊन खाणाऱ्या कडेला. आणि आपला बाक कुठे आहे? बरोबर समोरच्या बाजूला, झाडाच्या सावलीत, जिथे काठालाच पाणी खोल आहे. त्या पाण्यात हात घातला तर बोटं दुखतात. अख्ख्या तळ्यात वसंतात मासा नसण्याची हमी देता येईल अशी ती एकच जागा, आणि हा माणूस वर्षानुवर्षं तिथेच बसला! मी डॉक्टरांना विचारलं, की हे यांना ठाऊक नव्हतं का. ते म्हणाले, "ठाऊक होतं की. मी किती वेळा म्हटलं, दादा, पलीकडे चला. तर म्हणायचे, इथून बरं दिसतं."

काय बरं दिसतं, ते बघायला मी अंधार पडेपर्यंत बसले. झाडाच्या दोन फांद्यांच्या मधून एकच गोष्ट दिसते. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी.

तुम्हाला आठवतंय, मी ताट घ्यायला हात पुढे करायची आणि हे दारात हजर? मी विचारायची, बरी वेळ साधता हो. तर म्हणायचे, फोडणीचा वास तळ्यापर्यंत येतो. मी ते खरं मानून उगाच फोडणी जास्त खमंग करत राहिले. वास कसला यायचा! मी दिवा लावला की हे दोरा गुंडाळायचे. इतकं साधं होतं ते, पण सांगितलं नाही. चमचे लपवले ते समजू शकते, पण हे कशाला लपवायचं?

असो. तर जागा कुणाला द्यायची नाही हे आता पक्कं झालं होतं आणि माझ्याकडे एकच चमचा उरला होता. परवा चिटणीस माझी परीक्षा घ्यायला आले, डॉक्टर त्यांच्या दगडावर बसले. "वहिनी, हळू ओढा, पाणी गार आहे," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, चौथं प्रकरण, मला पाठ आहे. पण हळू म्हणजे किती हळू ते पुस्तक सांगत नाही आणि माझा हात काही केल्या थांबेना. शेवटी मी मांडीवर पुस्तक उघडलं (मासेमारीचं नव्हे, एक चांगलं पुस्तक) आणि ठरवलं की पान उलटलं की रिळाचा एक वेढा. पान वाचायचं, वेढा द्यायचा, पान वाचायचं. तुमच्या दादांना माझ्या वाचनाचा उपयोग दिसला असता तर बरं झालं असतं. प्रकरण ऐन रंगात आलं असताना काठी वाकली. मी पुस्तक टाकून उभी राहिले. मासा पाण्याबाहेर आला, अंगावर पट्टे असलेला, चांगला हातभर, माझ्या आईचा चमचा दाताखाली धरून माझ्याकडे बघत होता. आणि दोरा तुटला. मासा चमच्यासकट गेला.

चिटणीस म्हणाले, मला दिसला नाही. चष्म्याचा दुकानदार, भाऊजी! चष्मा पुसत होते! डॉक्टर मात्र ताडकन उठले आणि म्हणाले, "मी बघितला. तोंड पूर्ण उघडं होतं, खालचा जबडा पुढे आलेला. तोंडाच्या बाबतीत माझी चूक होत नाही." मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते लाल झाले. मग म्हणाले, "एकदा झाली," आणि चिटणिसांना म्हणाले की मला ती जागा नको, वहिनींचं नाही म्हणणं मला आत्ता ऐकू आलं. पण चिटणिसांचं एकच, नियम तो नियम. डॉक्टरांना नको असेल तर रांगेत पुढचा आहे. सभेपर्यंत मला आणखी एकदा बसता येईल.

तर हे असं आहे. तुम्ही आणि तुमच्या दादांनी मिळून माझा संसार भोकं पाडून तळ्यात टाकलात, याबद्दल मी तुम्हाला कधीही क्षमा करणार नाही. जाऊबाईंना आशीर्वाद. त्यांनीही आपले चमचे मोजावेत.

तुमची,
वहिनी

ता. क. सोबतच्या पुडक्यात बारावा चमचा आहे. दांडा काप आणि दोन भोकं पाड, तसंच, जसं दादासाठी पाडत होतास. (पाहा, रागाने एकेरीवर आले. माफ करा, पण भोकं तशीच पाडा.) दांडा टाकू नका, माझी तुळस बिननावाची आहे.

ता. क. आता मी चहा सुरीच्या मागच्या टोकाने ढवळते. म्हणून येताना दोन चमचे आणा. हो, येताना. पुडकं टपालाने परत पाठवू नका, दोघंही घेऊन या.

ता. क. मासा लागला तर लागला. खरं काम वेगळंच आहे. संध्याकाळी बाकावरून ती खिडकी अंधारीच दिसते, कारण दिवा लावणारी बाकावर असते. एकदा मी आधीच दिवा लावून गेले, पण त्यात काही अर्थ नाही, तो लागताना दिसायला हवा. जाऊबाईंना म्हणावं, स्वयंपाक मी करून ठेवीन, त्यांनी अंधार पडायला लागला की ओट्यापाशी जाऊन बटण तेवढं दाबावं. मग मी दोरा गुंडाळून घरी येईन.