दादांना ताप आहे

आई, आज दुपारी मी लंडनजवळच्या हाउन्सलोच्या घरी किचनमध्ये मेथी निवडत होते. इथे मेथी बारा महिने मिळते, चव मात्र तुझ्या हातची नाही, पण ते जाऊ दे. माझी नात, तू पाहिली नाहीस ती, शाळेतल्या मुलांची नर्स आहे. ती एक फॉर्म घेऊन समोर बसली. म्हणाली, आजी, उद्यापासून तेरा-चौदाच्या मुलांना एकेकटं बसवून हे विचारायचंय, आधी तुझ्यावर प्रॅक्टिस करते, तू तेराची आहेस असं समज. मला गंमत वाटली. तेराची असताना माझी शाळा सुटून चार वर्षं झाली होती.

तिने विचारलं, घरात कुणाच्या पिण्याची काळजी वाटते का? आणि आई, तोंडातून आपोआप निघालं, "दादांना ताप आहे." तुझंच शिकवणं. मावशी येवो की मुकादम, मी उंबऱ्यात उभी राहून हेच सांगते, आणि आत तू दादांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतेस, कुणी डोकावलंच तर दिसावी म्हणून.

"ताप? तुझ्या वडिलांना? रोज?" नातीने विचारलं.

"सणाला जास्त," मी म्हणाले, आणि दोघी हसलो.

मग पुढचे प्रश्न. चपलांच्या आवाजावरून कळायचं का, कसे आलेत ते? मैत्रिणीला घरी आणायची भीती वाटायची का? मेथी तशीच राहिली. कुठल्या देशातला हा कागद, आणि त्याला आपली खोली कशी ठाऊक? केवढं मोठं काम करते गं आपली पोर! मुलांना कुणीतरी विचारतं, आई. खुर्ची देऊन, दार लावून विचारतं.

शेवटचा प्रश्न, ते तुझ्यामुळे पितात असं वाटतं का? मी हो म्हणाले. मुलगी झाली म्हणून त्याने बाटली धरली, असं माझी आजी नळावर सगळ्यांना सांगायची ना. नातीने पेन ठेवलं, माझे मेथीच्या मातीने भरलेले हात धरले. "आजी, ते तुझ्यामुळे नव्हतं, ओके? कधीच नव्हतं." उद्या हे ती त्या मुलांनाही सांगणार. सत्तरी उलटलेली मी, लहान पोरीसारखी रडले आणि मग दोघींना चहा केला.

हे पत्र आता डाळीच्या डब्याखाली ठेवते. तिला मी अर्धंच सांगितलं. उरलेला दोष मी तुला देत होते, तुझ्या बोलण्यामुळे पितात म्हणून. तू गेलीस तेव्हाही देत होते. खरं सांगू, आज दुपारपर्यंत देत होते.