आईच्या क्रुसावरचे डोळे

८ जुलै १९५६, रविवार
वसईहून परत. मावशीला आता बरं आहे. ट्रंक दारात ठेवली, सवयीने आधी भिंतीवरच्या क्रुसाकडे बघितलं आणि
येशूचे डोळे मिटलेले. रंगवून मिटलेले! वर पापण्यांना बारीक केस काढलेत, सिनेमातल्या नटीला असतात तसे. बरगडीखालचं रक्तही गायब.
पेद्रू पेपरात तोंड घालून बसलेला. माझा धाकटा भाऊ, चाळिशीला टेकला तरी बायकोसमोर पेपर लागतो. बायको, फिलू, म्हणाली, ताई, आता किती शांत वाटतं ना?
हात धुतले, जेवले. मासे दोनदा वाढून घेतले. तोंड उघडलं असतं तर ताट फेकलं असतं.

९ जुलै
लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.
आजोबांचा क्रूस, अडीच हात उंच. त्यावरचा येशू मेलेला नाही, मरायच्या आधीचा. डोळे उघडे, जरा खाली, बरोब्बर माझ्या खाटेकडे. आई म्हणायची, मी गेले की हा बघेल गं तुझ्याकडे. जानेवारीत आई गेली. खोल्या पेद्रूच्या नावावर झाल्या, बांगड्या फि.च्या हातात गेल्या. मी चकार शब्द काढला नाही. मला ती नजर होती, पुष्कळ झालं. तीही हिने मिटवली, मी घरात नसताना.
सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा असं सांगितलंय. करीन. मोजायला अजून सुरुवात केलेली नाही.

१० जुलै
वाडीभर फि.चं कौतुक चाललंय. शेजारच्या आनाबाई म्हणाल्या, बरं केलं हो तिने, तुमचा येशू अंगावर यायचा. यांच्याकडे पितळी क्रूस आहे, वर येशूच नाही. पुसायला सोपा! कोपऱ्यातल्या डिसोझांकडे अंधारात हिरवा चमकणारा, प्लॅस्टिकचा. त्यांच्या सुनेने तर क्रूस आतल्या खोलीत नेलाय, पाहुण्यांना जखमा बघवत नाहीत म्हणून. ज्याला त्याला आपल्या सोयीचा देव हवा. आमच्या आईला तेवढा जखमांसकट चालायचा.
बोलता बोलता आनाबाईंकडून काढून घेतलं. डोळे मिटले ते बाबल मेस्त्रींनी. पलीकडच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे, तिथे.

१३ जुलै
परळच्या शाळेत शिकवून संपल्यावर थेट कारखान्यात. शंभरेक गणपती, सगळे आंधळे. डोळे शेवटी आखतात, आणि त्या कामाला मेस्त्री दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मला बघून म्हातारा उठून उभा राहिला. त्याला वाटलं होतं घरच्या सगळ्यांना विचारून आणलाय. म्हणाला, "बाय, माका डोळे उघडूचे म्हायत. मिटूचे नाय. ह्या पयल्यांदाच केलंय."
विचारलं, वरचा रंग काढता येईल? येईल. पण जुनी नजर खालून निघणार नाही, घासताना तीही गेली. नवी आखावी लागेल.
म्हणजे आई ज्या डोळ्यांशी बोलायची ते डोळे आता कुठेच नाहीत.
मग मला ते सुचलं. विचारलं, मेस्त्री, नजर कुणावर पडायची हे तुम्ही ठरवता का? म्हणाले, मापं द्या. मूर्ती किती उंच, माणूस कुठे बसतं, किती लांब. मंडळाच्या गणपतीचं तसंच करतात, दारातून आत येणाऱ्यावर नजर पडली पाहिजे म्हणून.

१७ जुलै
फि. बाजारात गेली तेव्हा शिवणाची टेप घेऊन मापं काढली. खिळा जमिनीपासून साडेसहा फूट. खिळ्याखालून फि.च्या शिवणाच्या मशीनपर्यंत सात फूट दोन इंच. ती बसली की डोकं साडेतीन फुटांवर येतं. दिवसाचे पाच तास तिथेच बसते. बस बाई, बस.
घरात सांगितलं, क्रुसाला मागून वाळवी लागलीय, दुरुस्तीला नेते. हे खोटं फादरला सांगावं लागेल. सांगेन सावकाश.
आईच्या लुगड्यात गुंडाळून नेला. नाक्यावर हवालदाराने अडवलं. आत काय, मोर्चाचा बोर्ड? संयुक्त महाराष्ट्रवाले? उघडून दाखवला. त्याने गडबडीत हात जोडले.

२९ जुलै, रविवार
चर्चमधल्या मिस्साहून येताना घेऊन आले. स्वतः स्टुलावर चढून लावला. फि. मशीनवर बसली, वर बघितलं, आणि सुई थांबली.
पेद्रू म्हणाला, अरे, पुन्हा उघडले? मी म्हटलं, मेस्त्री म्हणाले जुनं होतं तसंच बरं. म्हातारा खरंच मोठा कलाकार आहे. मशीनजवळ मी स्वतः बसून बघितलं. सरळ काळजात बघतो.
मग खाटेवर बसले. माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतो. उशी हलवून पाहिली, उभी राहून पाहिलं. नाहीच.
हे आधी लक्षात यायला हवं होतं. असो. सुडाला काही तरी द्यावं लागतंच.

३ ऑगस्ट
फि.ने डिसोझांच्या नातीचा फ्रॉक उलटा शिवला. मशीन दाराकडे सरकवलं होतं. ती पाणी भरायला गेल्यावर मी परत जागेवर ओढलं. म्हटलं, उजेड इथेच चांगला, डोळे बिघडतील तुझे. तिने माझ्याकडे बघितलं. कळलंय तिला.

११ ऑगस्ट
संध्याकाळी तेर्साची जपमाळ म्हणताना फि. डोळे मिटून घेते. मी मुद्दाम तिच्या शेजारी बसून उघड्या डोळ्यांनी म्हणते. जेवत नाही धड. पेद्रू विचारत होता, हिला काय झालंय? मी काय सांगू, मी साधी मास्तरीण. फार दिवसांनी मला अन्न गोड लागतंय, खोटं कशाला लिहू.

१५ ऑगस्ट
मरियामातेचा सण. शिवाय झेंडावंदन. शाळेतून दुपारी आले तर क्रुसावर टॉवेल टाकलेला. ओढून काढला. म्हटलं, लाज वाटते का त्याची?
फि. जमिनीवरच बसली. पेद्रू बाहेर होता. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण उद्या मी त्याला फाटे फोडीन.
जानेवारीतला, आई गेली तो दिवस. रस्त्यात गोळीबार, कर्फ्यू. मी परळला शाळेजवळ अडकलेले, एका मुलीच्या घरी चाळीत दोन दिवस. पेद्रू त्याच्या ऑफिसात. फादरना यायला वाट नाही. घरात माझ्या खाटेवर पडलेली आई आणि फि., दोघीच. मला आल्यावर सांगितलं की झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही.
झोपेत नाही गेली. सकाळपासून दाराकडे बघत होती. बाय आली का, बाय आली का. बाय म्हणजे मी. फि. दर वेळी म्हणायची, येतायत. शेवटी आईला दिसेनासं झालं, हात हवेत चाचपडायला लागला, तेव्हा...
"मी म्हटलं, आले गं आई. मीच बाय. त्यांनी माझा हात धरला. माझ्याकडे बघत राहिल्या. आणि तशाच गेल्या. डोळे मिटेनात, ताई. तीनदा मिटले, तीनदा उघडले. वर तो, खाली त्या. दोघं माझ्याकडे."
मी टॉवेलाची घडी घातली.

१६ ऑगस्ट
शाळेत लक्ष नाही. फळ्यावर तारीख चुकीची लिहिली, पोरी हसल्या.
राग जाईल असं वाटलं होतं. गेला नाही, वाढला. माझ्या नावाने माझ्या आईची शेवटची नजर हिने घेतली. ती माझी होती. आणि मग मीच मापं काढून येशूचीही नजर हिच्यावर आणून बसवली!
पण तिने हात धरला नसता तर आई दाराकडे बघतच गेली असती. हेही खरंच आहे. दोन्ही खरं असलं की माणसाने करायचं काय?

२० ऑगस्ट
मेस्त्रींकडे गेले. गणपती तोंडावर आलेत, म्हाताऱ्याला मान वर करायला फुरसत नाही. सगळं सांगितलं नाही, पण तो समजला असावा. तिसऱ्यांदा हात लावणार नाही म्हणाला. करवंटीत थोडासा अंगाचा रंग, पुडीत काळा आणि एक बारीक ब्रश दिला. "मिटूचे आसतीत तर तुमीच मिटा. नायतर आपल्याकडे वळवा. माझ्याकडे परत हाडू नकात."

२४ ऑगस्ट
करवंटी माझ्या कपाटात. फि.ला दिसली. मशीन तिने स्वतःहून जुन्या जागी ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. म्हणाली, बघू दे त्यांना. मला वाटतं तिला येशू म्हणायचा नव्हता.
हे तिने मला हरवायला केलं की खरंच, ते कळत नाही. त्याचाही राग येतो.

२६ ऑगस्ट, रविवार
मिस्साला सगळ्यांनी जायचं होतं. मी डोकं दुखतंय म्हटलं. दार लोटून स्टूल ओढलं, करवंटीत थेंबभर पाणी घालून रंग कालवला. चढले. इतक्या जवळून मी त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. डाव्या गालावर आईच्या बोटांनी रंग उडालेला आहे. तिथे ती रोज हात लावायची. तो मेस्त्रींनी तसाच ठेवलाय.
स्टूल डुगडुगायला लागलं. खाली बघते तर फि. मिस्साला गेलीच नव्हती. दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी. मिटणार, वळवणार की तसेच ठेवणार, काही विचारलं नाही. वरही बघितलं नाही.
रंग सुकत आला होता. मी म्हटलं, थोडं पाणी दे. म्हणाली, स्टूल सोडू का, ताई?