वाटेवरचं दळण

आई, आज रेशन कार्डासाठी अंगठा द्यायला गेले तेव्हा हातात दळणाचा डबा होता. गिरणीतून तशीच पुढे गेले, कारण एकाच कामासाठी घराबाहेर पडायचं नाही हा तुझा नियम मी अजून पाळते. मशीन काही अंगठा घेईना. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, बोटाला पीठ हाय की. पुसा आदी." मी पदराला बोट पुसलं आणि काम झालं. मागच्या बायका हसल्या, मीही हसले. एवढं सोपं असतं ते.

तुझी नात म्हणते, पीठ घरपोच येतं, रिक्षा फोनवर बोलावता येते. येते की. पण रिक्षा दवाखान्यासाठी राखून ठेवायची, हेही तुझंच. सिटी बसची वाट बघण्यापेक्षा चाललेलं बरं, हे मात्र माझं.

तू बिड्या वळायचीस. टोपली कारखान्यात रिकामी केलीस की परतीच्या वाटेवर कामं ओळीने लागलेली असायची. आधी लांबचं, मग जवळचं, जड ते शेवटी. अर्धी भरलेली पिशवी ओळखीच्या दुकानात ठेवायचीस आणि येताना उचलायचीस. अख्ख्या सोलापुरात तुझ्या पिशव्या पसरल्यात, असं मी चिडवायचे. "हसतीस काय? तुजं पाय लई सोकावल्यात," तू म्हणायचीस.

नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, तेव्हा मात्र तुझा क्रम मोडला. दुपारी गिरणीची लाइट जायची, म्हणून दळण आधी घेणं भाग होतं. "डबा घे आन् तसंच फुडं जाऊन फॉर्म दे. वाकडी वाट न्हाय," तू म्हणालीस. मी कमरेवर पत्र्याचा डबा घेऊन चालतेय, वेणीवर पीठ उडालंय, फॉर्म घामाने ओला होऊ नये म्हणून डब्याच्या झाकणावर धरलाय. मला नर्स व्हायचंच होतं. तुझ्यापेक्षा मलाच जास्त.

संध्याकाळी मी तुला सांगितलं, गिरणीत उशीर झाला, फॉर्म घ्यायची खिडकी बंद झाली होती. तू हातातलं बिडीचं पान खाली ठेवलंस. "माजंच चुकलं. दळन सांगाया नको हुतं." त्यानंतर तू मला गिरणीत कधीच पाठवलं नाहीस. मी गणवेश शिवायला लागले. आणि तू गुडघे धरून, दिसेल त्या ओट्यावर टेकत, तो डबा स्वतः आणत राहिलीस, अगदी शेवटचं अंथरूण धरेपर्यंत. मला वाईट वाटायचं. पण तुझा गैरसमज माझ्या सोयीचा होता.

हे पत्र टाकायला पेटीपर्यंत जायचं तर त्या वाटेवर दुसरं काही काम नाही. म्हणून डब्याखालीच ठेवते.

त्या दिवशी मी वेळेत पोचले होते, आई. खिडकी उघडी होती. समोर इस्त्रीच्या कपड्यांतल्या तीन मुली उभ्या होत्या, आणि डबा घेऊन त्यांच्या मागे उभं राहायची मला लाज वाटली. मी फाटकातूनच परत फिरले.