नव्या गड्याच्या हाती बळदाची किल्ली

३ ऑक्टोबर
काय गं वहीबाई, परवा कुठं थांबलो होतो? न्हाई ना आठवत! सगळं पोटात भरून घेतीस, आन् इचारलं की गप. मला एक अक्षर येत न्हाई, तरी ध्यानात हाय. आमच्या बायांच्या बियाणे गटावर थांबलो होतो. सून सत्यशीला लिहिती, मी सांगते. तिला बजावलंय, माझ्या बोलण्यावर इस्तरी फिरवू नको.

तर गटाकडं एकेचाळीस जुनी वाणं. कोणतं वाण कोणत्या रानात, कधी पेरायचं, हे सगळं माझ्या तोंडातलं. बीडच्या नातीनं, तेजश्रीनं, ते कंप्युटरात घातलं. आता त्याला एक बोलणारा मदतनीस जोडलाय. बायांनी फोन करायचा, तो आतलं बघून सांगतो. मी त्याला नवा गडी म्हणते. झोपत न्हाई, तंबाखू मागत न्हाई! "आजी, जरा बोलून बघ त्याच्याशी, चाचणी हाय," म्हणली. दोन तास बोलाया लावलं मेल्यानं. गुडघे ठणकतायत, त्यात हे.

४ ऑक्टोबर
अंग मोडून आलंय. फोन बंद करून पडलेय.

१५ ऑक्टोबर
केसरबाईचा फोन. गटातली माझ्याच वयाची, तलवाड्याच्या अंगाला दोन कोसावर तिची वस्ती.
"वच्छाक्का, चिमणचोच सडली."
"किती?"
"सगळीच गं."

चिमणचोच म्हणजे माझ्या माहेरची ज्वारी. शेवटचं दोन शेर बी मडक्यात होतं, ते वाढवायला केसरबाईला दिलतं. दुसऱ्या कुणाकडं एक दाणा न्हाई. तिला लागतं मुरमाड रान, पाणी न धरणारं. केसरबाईनं पेरली चिबडात! जिथं पाणी साचतं तिथं!

"कावून गं?" मी वरडले.
"तुजा फोन लागंना. म्हणून तुमच्या त्या गड्याला इचारलं. तो म्हणला, वत्सलाबाईंनी सांगितलंय, चिबाड रान उत्तम, राखण लागत न्हाई. मला बी नवल वाटलं. पर तुजं नाव घेतलं म्हणल्यावर..."

चाचणीच्या दिवशी त्यानं तेच तेच इचारलं, चिमणचोच कुठं पेरावी, कुठं पेरावी. वैतागून म्हणलं होतं मी, "घाल चिबडात! बेडकं राखण करतील!" शेंबडं पोर बी हसलं आसतं. ह्यानं मुरमाड पुसून तेच लिहून घेतलं.

केसरबाई भांडली न्हाई. भांडली आसती तर बरं झालं आसतं.

१६ ऑक्टोबर
तेजश्री आली. डोळे सुजलेले.
"चूक माझी, आजी. त्याला नुसती वाचायची परवानगी द्यायची होती. घाईत मी लिहायची, बदलायची पण देऊन बसले."
"मग त्याला सांगितलं न्हाईस?"
"सांगितलं की. विचारल्याशिवाय काही बदलू नको म्हणून."
"आगं बाई! पहिल्या दिवशी आलेल्या गड्याच्या हातात धान्याच्या बळदाची किल्ली द्यायची, आन् वर म्हणायचं, नुसतं बघ हां!"
"तो चोर न्हाई गं. त्याला वाटलं आपण कामच करतोय."
"तेच म्हणते. चोर एक पोतं नेतो. उत्साही गडी सगळं बळद हलवून ठेवतो."
हसली न्हाई. मला बी हसू आलं न्हाई.

१८ ऑक्टोबर
दोन दिवस खपून पोरीनं बंदोबस्त केला. मूळ नोंदी आता गड्याला दिसतच न्हाईत. त्यांची एक नक्कल दिलीय, ती बी वाचण्यापुरती. कुणी कितीबी गोड बोललं तरी त्याला लिहायला दारच न्हाई. बायांचे फोन नंबर झाकले. कुणी काय इचारलं, त्यानं काय सांगितलं, त्याची निराळी नोंद. मूळ नोंदीत बदल करायचा तर तेजश्रीनंच, आन् गटातल्या दोघींनी ऐकून हो म्हणल्यावर. मी म्हणलं, माझ्या एकटीच्या शब्दावर कधी लिहू नको. जिभेला बी कुलूप पाहिजे.

मग दिवसभर ती एकेक ओळ वाचायची, मी हो-न्हाई म्हणायचं. डोकं भणभणलं. एका बाजरीपुढं काय निघालं? "गुण: खाल्ल्यावर सासू गप्प बसते." ते बी माझंच! तेजश्री पुसाया लागली तर सत्यशीला म्हणती, "राहू दे की!"
(लिही गं, लिही. हसतीस काय?)

चिमणचोचीपुढं आता 'मुरमाड रान' लिहिलंय. बरोबर लिहिलंय. पेरायला बीच न्हाई.

२१ ऑक्टोबर
केसरबाईचा फोन न्हाई. मी बी केला न्हाई. कोणत्या तोंडानं करू?

२२ ऑक्टोबर
सकाळीच केसरबाईचा फोन! बांधाकडच्या उंच कडेला चिमणचोचीची सतरा रोपं वर आलीत. सतरा! मुळाची माती न मोडता मुरमाडात हलवायचीत. "मला जमत न्हाई, तुला जमतंय. ये," म्हणली. गुडघ्याला इचारलंच न्हाई, पिशवी भरली. कणसं भरेस्तोवर मी तिकडंच. सत्यशीला, वही मिटायच्या आधी एवढं लिहून ठेव. रोज भाकरी दोघींच्या पाठव, संगं येसराची आमटी, पातळ. केसरबाईला दात न्हाईत.