लोखंडाची चव

१९ डिसेंबर १९९६, गुरुवार

आईने उपमा थुंकला. "खिळे चघळल्यासारखं लागतंय," म्हणाली. अक्काने कढई बदलली, चमचा बदलला, शेवटी केळीच्या पानावर वाढलं. दोन घास गेले. मग पुन्हा तेच — लोखंड.

मी डोंगरातल्या कँपच्या स्वयंपाकावरून आलो तर आई अर्धी झालेली. अक्काने तिला बंगळुरात, पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत आपल्याकडे आणून ठेवलंय. दोन खोल्या, बाहेर दिवसभर लेथचा आवाज. भावोजी दोन-दोन पाळ्या करतात.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, पोटातल्या गाठीसाठी ते मोठं औषध शिरेतून देतात ना, त्याने तोंड असं होतं. अजून काय काय सांगत होती. मी अर्धंच ऐकलं. खिडकीबाहेर एक माणूस सायकलवर बारा कोंबड्या उलट्या टांगून चालला होता, तिकडे बघत राहिलो.

२१ डिसेंबर

पेरू कापायला विळी काढली तर आईने तोंड फिरवलं. विळी बघूनच तिला वास येतो. मग सॅकमधला माझा घडीचा पांढरा चाकू काढला. एक फोड दिली. दुसरी तिने मागून घेतली. चार फोडी खाल्ल्या!

"याला वास नाही रे. कशाचा आहे?"

"चिनीमातीसारखं काहीतरी असतं."

"म्हणजे बशीचा चाकू." हसली. किती दिवसांनी.

बघायला म्हणून हातात द्यायला गेलो तर घेतला नाही. "खाली ठेव. हातात दिला की भांडण होतं." मी खाली ठेवला, मग तिने उचलला. पात्यावर अंगठा फिरवणार होती. मी ओरडलो. दिसतो खेळण्यासारखा, पण लागला तर कळतही नाही.

२२ डिसेंबर

सफरचंद अर्धं. आंघोळीनंतर दोन इडल्या.

२४ डिसेंबर

हा चाकू सावनदुर्गच्या कँपमधला. इथल्याच कुठल्याशा कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक जपानी माणूस कातळ चढायला आला होता. माझं तिखट सारू, आपली पातळ आमटीच, त्याला फार आवडलं. नाकातून पाणी येत होतं तरी वाढून घेत होता. जाताना चाकू ठेवून गेला. भाषा येत नव्हती, हातानेच दाखवलं — सरळ कापायचं. पिळायचं नाही, काही उचकटायचं नाही, दगडावर पाडायचं नाही. हा वाकत नाही, मोडतो.

कँपवर तीस पोरांचे टोमॅटो याने कापतो. साल चेपत नाही. पावसात सॅकमध्ये ओला राहिला तरी गंज नाही, शर्टाला पुसला की झालं. आमचा कँप चालवणारा देवाप्पा म्हणतो, "चाकू आहे का म्हातारीची कवळी?" पण लिंबू कापायला स्वतः मागून नेतो.

घरीही तोच चालतो. दुधाची पिशवी, फुलांचा दोरा, गोळी अर्धी करायला. आईचं काहीही याच्याशिवाय कापायचं नाही, असं अक्काने जाहीर केलंय. चाकूचं ठीक आहे. त्याच्याबरोबर मीही अडकलो.

२९ डिसेंबर, रविवार

देवाप्पा आला होता. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शरावतीच्या खोऱ्यात जायचंय, महिनाभर. नदीकाठाने चालत. स्वयंपाकाला तूच हवास म्हणाला. मी तिकडे कधी गेलो नाही. नुसतं नाव ऐकून पायांना खाज सुटली.

"आई विळीने कापलेलं खायला लागली की निघालोच," मी म्हटलं.

"सरी, ठीक. विळीला सांग, स्वल्प लवकर कर."

आतून आईचा आवाज — "देवाप्पा, चहा घेऊन जा रे." म्हणजे सगळं ऐकत होती.

५ जानेवारी १९९७, रविवार

पेरू आणायला निघालो आणि हेब्बाळला पोचलो. कसा ते विचारू नये. बस समोर आली, चढलो. तळ्यावर पांढरे बगळे, एक काळा पक्षी पंख पसरून वाळवत उभा. तिथेच ऊन कललं. चाकू खिशात.

घरी आलो तर आई तशीच बसलेली. अक्काने विळीने पपई कापून दिली होती, ती ओकली. मग काही घेतलंच नाही.

अक्का म्हणाली, "तुझे पाय बांधून ठेवू का?" आई म्हणाली, "असू दे. काय बघितलंस ते सांग." काळ्या पक्ष्याचं सांगितलं. ऐकता ऐकता तिने पेरू खाल्ला.

अक्का अजून बोलत नाही.

६ जानेवारी

बाहेर जाताना चाकू घरी ठेवायचा. लिहून ठेवतो म्हणजे लक्षात राहील.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. चाकू मोडला.

आईला एळ्ळु-बेल्ल हवं होतं. तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे बारीक तुकडे. खोबरं जपून कापलं, काही झालं नाही. मग उसाची कांडी घेऊन दारात बसलो. समोरून इकडच्या रीतीने संक्रांतीला सजवलेले बैल चालले होते, शिंगं रंगवलेली, फुगे बांधलेले. एकाच्या पाठीवर मखमल. मी बघत होतो. पातं पेरात अडकलं आणि मी पिळलं. कपाचा कान तुटावा तसा आवाज. टोकाकडचा अर्धा भाग उसातच राहिला.

एकच गोष्ट त्या माणसाने तीन-तीनदा दाखवली होती.

आईला सांगितलं नाही. रात्री नुसतं दूध दिलं.

१५ जानेवारी

सकाळी तिने पेरू मागितला. उरलेलं पातं बोटभर, त्याने पेरू धड कापला जाईना. विळीने कापला, पाण्यात धुतला, मीठ लावलं. दाराआड उभा राहिलो.

खाल्ला! सगळा! मी विचारलं, कसा आहे? "गोड आहे. बशीचा चाकू कुठाय?" मोडका दाखवला. "तो गेला म्हणून विळी शहाणी झाली," म्हणाली.

अक्काला ओरडून सांगितलं. ती भांडी घासत होती. वळली नाही.

१७ जानेवारी

अवरेकाईचं, म्हणजे पावट्याचं सारू, भात, वर लिंबाचं लोणचं. स्टीलच्या ताटात! लोखंड नाही, खिळे नाहीत. कोपऱ्यावरून देवाप्पाला फोन केला — येतोय.

१९ जानेवारी, रविवार

सॅक भरली. आई पलंगावरून सूचना देते. कानटोपी घे. नदीत उतरू नको. "चाकूही घे, अर्धा तर अर्धा. लिंबाला चालेल. आण, पुसून देते."

मी सवयीने खाली ठेवायला वाकलो. तिने हात पुढे केला. "दे हातात."

"भांडण होतं ना?"

"आता भांडायला वेळ कुठाय?"

परवा निघायचंय, खरंच वेळ नाही. हातात दिला. तिने पदराने पुसला, मिटला, सॅकच्या खिशात घातला. चेन लावायला मात्र तिला जमलं नाही. मी लावली.

२० जानेवारी

अक्का आज बोलली. कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता.

"औषध थांबवलंय. नवीन वर्षापासून. डॉक्टर म्हणाले, आता नुसता त्रास. आईने तुला सांगू दिलं नाही, निघू दे म्हणाली. म्हणून चव आलीय तिला."

सॅक उपसली. देवाप्पाला येत नाही म्हणून कळवलं.

संध्याकाळी लिंबू कापलं, अर्ध्या पात्यानेच. मी जात नाही हे आईला कळलं असावं. पुसायला म्हणून तिने चाकूसाठी हात पुढे केला.

"भांडण होतं," म्हणत मी खाली ठेवला.