ओल्या पदराने पुसलेले फोटो

आबा, घरी फोटो छापायचा प्रिंटर कोणता घ्यावा, हे तुमच्याशिवाय कोणाला विचारावं ते मला कळेना. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे असली यंत्रं नव्हती. धुळ्याला देवपुरातल्या आपल्या स्टुडिओमागची ती अंधारी खोली होती, लाल दिवा होता, आणि ट्रेमधल्या पाण्यात हळूहळू उमटत जाणारे लोकांचे चेहरे होते. तुमची ही लेक स्टुलावर उभी राहून बघायची. एकदा ओल्या फोटोतल्या नवरीच्या गालावर मी बोट टेकवलं, तर तुम्ही माझं मनगट धरून बाजूला केलंत. "चेहऱ्यावर बोट ठेवायचं नाही. कडेने धरायचं," एवढंच म्हणालात. आवाज चढवला नव्हता, तरी मी दिवसभर तुमच्यासमोर आले नाही.

आई आता माझ्याकडे जळगावला असते. तिला आठवत नाही, आबा. सुरुवातीला गॅस बंद करायचा राहायचा, मग धुळ्याचं घर कुठल्या गल्लीत ते सांगता येईना, आता माणसं चाललीत. भाऊ भुसावळहून दर रविवारी येतो. ती त्याला खुर्ची देते, साहेब म्हणते आणि पदर सावरून समोर उभी राहते. तो चहा घेतो, तिच्याशी इकडचं तिकडचं बोलतो आणि जाताना जिन्यात थांबून डोळे पुसतो. डॉक्टर म्हणाले, घरच्यांचे फोटो दाखवत राहा. मी मोबाईलवर दाखवायला लागले, पण बघता बघता स्क्रीन काळी होते आणि ती घाबरते. "गया का तो?" म्हणत मोबाईल उलटा करून बघते. तो गेलेला नाही, हे तिला कसं समजावायचं?

म्हणून कागदावरचे फोटो हवे होते. बाजारातून करून आणले. ते हातात घेऊन ती दिवसभर बसते, चेहऱ्यांवर अंगठा फिरवते, आणि मग लहान मुलाचं तोंड पुसावं तसा ओल्या पदराने एकेक चेहरा पुसते. दोन-चार दिवसांत नाकडोळे फिके पडतात. पुन्हा दुकान, पुन्हा फोटो. तिला एकटी सोडून किती वेळा जाणार? तेव्हा घरीच प्रिंटर घ्यायचं ठरवलं.

दुकानदार चांगला होता. त्याने दोन प्रिंटर समोर ठेवून समजावून सांगितलं. एकाची शाई कागदात मुरते, चेहरे जिवंत येतात, पण पाणी लागलं की ती पसरते. दुसऱ्याची शाई पाण्याला दाद देत नाही, पण चकचकीत कागदावर रंग जरा मंद वाटतो. शिवाय कोणताही घेतला तरी अधूनमधून छापत राहा, नाहीतर शाई आत सुकून बसते, म्हणाला. मग त्याने विचारलं, "ताई, फोटो ठेवायचेत कशाला? अल्बमला की भिंतीवर?" टिकणारा घ्यावा तर मंद रंगात तिला चेहरा ओळखू येणार नाही, ओळखू येणारा घ्यावा तर ती तो पुसून टाकणार. तुमचे फोटो तर पाण्यातच जन्मायचे. तुम्ही काय घेतलं असतं, आबा? शेवटी मी उजळ चेहऱ्यांचा घेतला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, म्हणून घेतला असंही म्हणता येईल.

पहिला फोटो भाऊचा छापला. आईने बघितला आणि बाजूला ठेवला. मग तुमचा छापला, टायमर लावून तुम्ही स्टुडिओच्या खुर्चीत घाईघाईने येऊन बसला होतात, तो. ती बराच वेळ बघत राहिली.

"हाऊ कोन शे?" हा कोण, म्हणून तिने विचारलं.

तिने फोटो खिडकीकडे धरला, जरा तिरपा केला.

"फोटो मातर चांगला काढेल शे. कोनी काढा?"

"आबांनी," मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम सैल झाला. पदर डोक्यावर घेत ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "मंग त्या जेवाले येतीन ना?"

तुम्ही जेवायला येणार ना, असं तिने विचारल्यावर नाही म्हणणं मला जमलं नाही. तिने भाकरी आणि वांग्याची भाजी ताटात वाढली, ताटावर ताट झाकलं आणि भिंतीला टेकून बसली. बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. मी ते ताट उचलायला हवं होतं. हे लिहिलेलं कुठल्या पत्त्यावर पाठवायचं नाही, म्हणून सांगते: मी उचललं नाही. बाहेर गेटची कडी वाजली, तेव्हा मीही वळून बघितलं.